मावशीच्या खोल्या तपासत नाहीत

आमच्या हॉटेलात एक्क्याण्णव खोल्या आहेत. खोली साफ झाली की सुपरवायझर येते. चादरीवरून हात फिरवते, नळाच्या मागे बोट घालते, ते बोट खिडकीशी नेऊन बघते आणि मग चिठ्ठीवर सही करते. ती सही पडल्याशिवाय खोली पाहुण्याला देत नाहीत. सगळ्यांना हाच नियम. फक्त मावशीच्या खोल्या तपासत नाहीत. तिच्या चौदा खोल्यांच्या चिठ्ठ्यांवर तिची तीच सही करते. अकरा वर्षं असंच चाललंय.

चाललं होतं, म्हणायला पाहिजे.

हा मान तिला कुणी फुकट दिला नव्हता. एकदा संध्याकाळी घरी निघाली होती, गेटपर्यंत पोचली होती, आणि तिथून परत फिरून मॅनेजरकडे गेली. म्हणाली, "दोनशे नऊमध्ये टबाच्या मागचा कोपरा मी आज सोडलाय. पाहुणा आत शिरलाय. त्यांना दुसरी खोली द्या." मॅनेजर म्हणाला, पाहुण्याची तक्रार नाही, सुपरवायझरला दिसलं नाही, तू कशाला सांगतेस? मावशी म्हणाली, "मला दिसलंय ना." दुसऱ्या दिवसापासून तिच्या खोल्या तपासणं बंद. सुपरवायझरला आम्ही चष्मेवाली म्हणतो. ती नव्या पोरींना सांगायची, "मावशीनं सही केली म्हणजे झालं, मी चष्मा पुसायचीसुद्धा तसदी घेत नाही."

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मावशी आली, माझे दोन फ्रॉक पिशवीत भरले आणि मला घेऊन गेली. कुणाशी चर्चा नाही की काही नाही. तिच्या घरी तिची मुलगी होती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला मी पहिल्या दिवसापासून ताई म्हणते. काका आधीच वारलेले. एक खोली, एक पलंग, एक मोरी. पलंगावर आम्ही दोघी, खाली मावशी.

दोघींना सगळं सारखं. बूट सारखे, मार सारखा. एकच फरक होता आणि तो मावशीनं कधी लपवला नाही. ताईनं कामाला हात लावायचा नाही. तिनं नुसतं भांडं उचललं तरी मावशी ओरडायची, "ठेव ते. पुस्तक कुठंय?" चादरीची घडी तर लांबच. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी ओढल्या त्या हिनं ओढाव्यात म्हणून नाही," असं शेजारणीला सांगताना मी ऐकलंय. मी म्हणायचे, मग मीच का सगळं? तर म्हणायची, "तूही आण की पुस्तक. कोण नको म्हणतंय?" पुस्तक म्हटलं की माझी बोलती बंद.

नववीत दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा गेलेच नाही. एका जागी बसलं की माझ्या पायांना मुंग्या येतात, त्याला मी काय करू. मावशी रागावली नाही. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं पलंगावरची चादर ओढून काढली आणि माझ्या अंगावर फेकली. "शाळा नको ना? मग हे तरी नीट शीक."

ते मात्र मी शिकले. चादर एका झटक्यात उडवायची, ती बरोबर मधोमध उतरली पाहिजे. कोपरा उचलायचा, खालचं खोचायचं, वरचं पाडायचं आणि पुन्हा खोचायचं. बंद पाकिटासारखा दिसला पाहिजे. मी डावखुरी, त्यामुळे सुरुवात उलट्या बाजूनं करते. मावशी मला डावरीच म्हणते. आणि उशी जागेवर ठेवली की मी तिला दोनदा थोपटते, सवयच लागलीय. "उशी आहे ती, डावरे. कुणाला झोपवतेस?" हे मी हजार वेळा ऐकलंय. अठरा पूर्ण झाली तसं मावशीनं मला हॉटेलच्या लाँड्रीत चिकटवलं. ताई तोवर हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात जायला लागली होती.

ताईच्या कॉलेजातून दर वर्षी काही मुलंमुली परदेशी जातात. मोसमात चार महिने तिथल्या हॉटेलांत काम करायचं, देश बघायचा, परत यायचं. एक्स्चेंजचा व्हिसा म्हणतात. नोकरी देणारं हॉटेल वेगळं आणि तुमची हमी घेणारी संस्था वेगळी. तिला स्पॉन्सर म्हणतात. स्पॉन्सरनं कागद दिला तर व्हिसा, नाही तर घरी बसा. आणि हे फक्त शिकणाऱ्यांसाठी. कॉलेजात नाव असेल तरच. मी एकदा विचारून बघितलं होतं, माझं काही जमेल का. हे सगळं जुळवून देणाऱ्या एजन्सीतला माणूस बारा महिने टाय लावतो आणि पायात चपला घालतो, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणतो. तो हसला. "एक्स्चेंज करायला तुझ्याकडे आहे काय?" मी म्हटलं, "तुमचा टाय द्या, मी चपला देते. नाही तरी तुमच्या झिजल्यात."

मावशीचं मात्र तिथं वजन होतं. खोल्यांच्या कामाला जाणाऱ्यांना कुणा जाणत्या माणसानं काम शिकवल्याचं पत्र लागतं. तीन वर्षांत मावशीनं सहा पोरं शिकवून पाठवली. आमच्याच पलंगावर, रविवारी दुपारी. सहाही जणांबद्दल तिकडून चांगलंच कळलं. स्पॉन्सरच्या बाई मावशीला ओळखायला लागल्या, दर वर्षी व्हिडिओवर दोन शब्द बोलायच्या. पत्राखाली मावशीची सही दिसली की पुढचे प्रश्न कमी व्हायचे. यंदाही तिनं ताईच्या वर्गातल्या दोघींना तयार केलं होतं. त्या चादरी ओढायच्या तेव्हा ताई खिडकीत बसून इंग्रजी पाठ करायची.

कारण ताई रिसेप्शनला जाणार होती. तळ्याकाठचं मोठं हॉटेल, काचेचं दार, लाकडी काउंटर. टायवाल्यानं दिलेला फोटो मावशीनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. कपडे काढायला कपाट उघडलं की बघायची. "माझी ह्याच्या मागे उभी राहणार," चष्मेवालीला सांगायची, लिफ्टवाल्याला सांगायची, ज्याचा काही संबंध नाही त्यालाही सांगायची. आणि ताईचं हे शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की ती विद्यार्थिनी उरणार नव्हती. यंदा नाही तर कधीच नाही.

एका सोमवारी टायवाल्यानं ताईला बोलावून घेतलं. रिसेप्शनच्या जागा भरल्या. त्याच हॉटेलात हाउसकीपिंगची एक जागा उरलीय. शुक्रवारपर्यंत पलंग लावतानाचा व्हिडिओ द्यायचा, चार मिनिटांच्या आत, मध्ये कुठे कापलेला नको. मंगळवारी स्पॉन्सरच्या बाई व्हिडिओवर बोलतील.

ताई आमच्या जिन्यात बसून रडली. "मला उशीला अभ्रासुद्धा घालता येत नाही गं."

"मावशीला सांग. शिकवेल."

"काय सांगू? तुझंच काम करायला चाललेय म्हणून सांगू? कपाटातला फोटो बघितलास ना?"

त्या आठवड्यात हॉटेल भरलेलं होतं, मावशी दोन-दोन पाळ्या करून यायची आणि भिंतीला टेकली की तिचा डोळा लागायचा. तिच्या मागे ताईला मीच शिकवायला घेतलं. दोन दिवस. पण लहानपणापासून जिनं चादर धरलीच नाही तिला दोन दिवसांत काय येणार? उडवलेली चादर स्वतःच्याच डोक्यावर यायची. लावलेला पलंग असा दिसायचा की आत मांजर झोपलंय. अकरा मिनिटं लागायची, वर मांजर.

गुरुवारी मी म्हटलं, "तुझा निळा शर्ट काढून दे."

"कशाला?"

"दे तर."

कल्पना माझी होती. ताई दोनदा नको म्हणाली, हे मी शपथेवर सांगते. मी म्हटलं, "चेहरा दिसणारच नाही. नुसते हात दिसतील. हात काय, सगळ्यांचे सारखेच." ताईनं फोन धरला, माझ्या खांद्यापासून खालचं घेतलं. मी तिच्या कॉलेजच्या शर्टात पलंग लावला. तीन मिनिटं दहा सेकंद. मग बघताना ताईच्याच लक्षात आलं की हात डावरे आहेत. ती सगळं उजव्या हातानं करते, बोलतानाही उजवाच हात हलवते, बाईंना कळलं तर? मी म्हटलं, थांब. फोनमध्ये व्हिडिओ आरशासारखा फिरवता येतो. डाव्याचं उजवं केलं. शर्टावरचा नावाचा बिल्ला टोचतो म्हणून मी आधीच काढला होता, नाही तर नाव उलटं दिसलं असतं. पाठवून दिला. त्या दिवशी मला स्वतःचं एवढं कौतुक वाटत होतं की काय सांगू. वाटलं, शाळा सोडली नसती तर मी भलतीच पुढे गेले असते.

मंगळवारी मावशी ड्यूटीवर असणार होती. तिला अजून रिसेप्शनच माहीत होतं. सगळं पक्कं झाल्यावर हळूच सांगायचं असं ठरलं होतं. पण मावशीनं सुट्टी बदलून घेतली. ठेवणीतला ड्रेस घातला, केसांना पाणी लावलं आणि आमच्या आधी दारात उभी. "बाई दर वर्षी परक्यांच्या पोरांसाठी बोलतात माझ्याशी. या वेळी माझी आहे."

टायवाल्याचं ऑफिस किल्ल्यांच्या दुकानाच्या वर आहे. खालून किल्ली घासल्याचा आवाज येत राहतो. ताई कॉम्प्युटरसमोर बसली, मावशी तिच्या शेजारच्या खुर्चीत, मी दाराशी. पडद्यावर बाई आल्या. पांढरे केस, बारीक फ्रेमचा चष्मा, बोलणं गोड. ताईला चार-पाच प्रश्न विचारले, ताईनं धडाधड उत्तरं दिली. मग बाईंच्या तोंडून 'हाउसकीपिंग' आलं. तो शब्द मावशीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं टेबलाकडे पाहिलं.

मग बाईंनी व्हिडिओ लावला.

आमची खोली, आमचा पलंग, पण खिडकी नको त्या बाजूला. निळा शर्ट, हात. चादर उडाली, बरोबर मध्ये उतरली. आणि तेव्हा मला ते दिसलं. बिल्ला काढला होता, भिंतीवरचं घड्याळ विसरले होते. त्याचा सेकंदकाटा उलटा फिरत होता. बाईंनाही दिसलं. हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या घरात वेळ मागे जातो की काय. ताई पटकन म्हणाली, पुढच्या कॅमेऱ्यानं घेतलंय, त्यात असं होतं. बाई म्हणाल्या, हो हो, माझ्या नातवाच्या फोनवरही होतं.

मी सुटलेच. पण मावशी अजून बघत होती. शेवटी उशी आली. हातांनी ती जागेवर ठेवली, आणि दोनदा थोपटली.

मावशीनं मान वळवली नाही. फक्त डोळे फिरवले, दाराकडे, माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

बाई म्हणाल्या, कोपरे फार सुंदर आहेत. मग मावशीसाठी सावकाश, सोपं करून विचारलं. हे तुमच्या मुलीनं लावलंय ना? तुम्हीच शिकवलंय ना? तुम्ही हो म्हणालात की मला आणखी काही बघायचं नाही.

खाली किल्ली घासायची थांबली. मावशीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक, जसे आजारी माणसाजवळ बसल्यावर ठेवतात.

"येस," मावशी म्हणाली. आणि बाई पुढं काही बोलायच्या आत, "येस, मॅडम."

घरी येताना ती पुढे आणि आम्ही दोघी मागे. मी शिव्या खायची तयारी करून ठेवली होती, मार बसला तरी चालेल अशीही. काहीच आलं नाही. घरी आल्यावर तिनं ड्रेस बदलला, कपाट उघडलं, फोटोकडे न बघता बंद केलं आणि ताईला विचारलं, "तिथं थंडी असेल का?" ताई म्हणाली, "असेल." "मग स्वेटर बघायला पाहिजे." बस, एवढंच. त्यापेक्षा मुस्कटात दिली असती तर मी सुखानं जेवले असते.

दुसऱ्या दिवशी टायवाल्याचा फोन, जागा पक्की. ताई हसली नाही. मीच उगाच नाचून बघितलं, मग थांबले.

शनिवारी लाँड्रीत चादरींच्या पिशव्या खाली आल्या. प्रत्येक पिशवीला त्या-त्या खोलीची चिठ्ठी टाचलेली असते. ती काढून फायलीत लावायचं काम माझं. मावशीच्या चिठ्ठ्या मी न बघताच लावते, कारण त्यांत बघण्यासारखं काही नसतं. त्या दिवशी एक उलटी पडली म्हणून सरळ केली. खाली चष्मेवालीची सही. दुसरी काढली, तिच्यावरही. चौदाच्या चौदा.

हातातलं टाकून मी वर पळाले. चष्मेवाली तिसऱ्या मजल्यावर होती.

"मावशीनं काही केलं का? कुणाची तक्रार आली?"

"कुणाची तक्रार? वेडी का खुळी तू?"

"मग तिच्या खोल्या का तपासल्या?"

चष्मेवालीनं चष्मा काढला. "मलाही कळलं नाही बाई. बुधवारी सकाळी आली आणि म्हणाली, आजपासून माझ्याही तपासत जा. मी म्हटलं, बरी आहेस ना? तर म्हणाली, माझ्या सहीचा मलाच भरवसा राहिला नाही." मग माझ्याकडे बघून, "घरी काही झालंय का गं?"

मी म्हटलं, काही नाही. म्हणजे मीही तेच केलं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. आणि मला तर ते जडही गेलं नाही. मावशीला एका 'येस'नं अकरा वर्षं नकोशी झाली, आणि तो 'येस' मी तिच्या तोंडात घातला होता. बाहेरच्या कुणी तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघितलं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. इथं फोडायला माझंच होतं.

आधी टायवाल्याकडे गेले. सगळं सांगितलं. त्यानं दार लावून घेतलं. "मी काहीही ऐकलेलं नाही. दोन आठवड्यांत कागद येतात. तू तोंडाला कुलूप लाव, किल्लीवाला खालीच आहे."

मग ताईच्या कॉलेजच्या गेटवर जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली आणि माझा चेहरा बघूनच म्हणाली, "मला काही सांगू नकोस."

"बाईंना खरं सांगायचं."

"कल्पना कुणाची होती?"

"माझी."

"आणि जागा कुणाची जाणार?"

"तुझी."

"मग तुझं काय जातंय? तू लाँड्रीत होतीस, लाँड्रीतच राहशील. माझ्याकडे हे एकच होतं." बोलून गेली आणि तिलाच कसंसं झालं, पण शब्द बाहेर पडले होते. बरोबरच होते.

"राहीन की लाँड्रीत," मी म्हटलं. "आणि रोज मावशीच्या चिठ्ठ्या बघीन." मग तिला चष्मेवालीचं सांगितलं. ताई वहीचा कोपरा दुमडत उभी राहिली. दुमडायची, सरळ करायची.

"काय म्हणाली आई? परत सांग."

"माझ्या सहीचा मलाच भरवसा राहिला नाही."

ताई बसस्टॉपकडे चालायला लागली.

रविवारी दुपारी मावशी ड्यूटीवर होती. ताई हो म्हणेल याची मी वाट बघणार नव्हते, तेवढा धीर माझ्यात नाही. फोन कपाटाला टेकवून ठेवला, घड्याळ दिसेल असा. पलंग लावला, डावऱ्या हातानं. उशी थोपटली. मग वाकून कॅमेऱ्यात चेहरा दाखवला आणि मला येतं तेवढं इंग्रजी बोलले. हात माझे, ताईचे नाहीत, मावशी चांगली, मी वाईट. पाठवायला बाईंचा पत्ता ताईच्या फोनमध्ये होता, म्हणून तो शोधत बसले तेवढ्यात ताई आली. माझ्या हातातून फोन घेतला. बघितला.

"'आंट इज व्हेरी क्लीन'? हे काय बोललीस?"

"स्वच्छ आहे म्हणायचं होतं. मनानं."

"हे पाठवलंस तर उरलीसुरली अब्रूही जाईल." ती माझ्या लावलेल्या पलंगावर बसली, चादर चुरगळली, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. मग ओढणीनं तोंड पुसलं. "धर फोन. चेहरा येऊ दे."

ती इंग्रजीत बोलली. सगळं नाही कळलं मला, पण तिनं माझं नाव पुढे केलं नाही एवढं कळलं. मी फसवलं म्हणाली, 'मी'. माझ्या आईला त्या खुर्चीत बसेपर्यंत काही माहीत नव्हतं म्हणाली. मग उठली, चादर ओढून काढली आणि कॅमेऱ्यासमोर पलंग लावायला घेतला. चादर तिच्या डोक्यावर आली. ती तिनं काढली. कोपरा सुटला, परत खोचला, परत सुटला. घड्याळ तिच्या मागे सरळ फिरत होतं. माझा हात भरून आला, बदलायचीही भीती वाटली. नऊ मिनिटं. पलंग मांजर झोपल्यासारखाच.

"पूर्ण पाठव," ताई म्हणाली. "कापू नकोस."

उत्तर बुधवारी आलं, टायवाल्याच्या ऑफिसात. त्यानं टाय सैल करून वाचलं. जागा काढून घेतलीय, दुसऱ्या कुणाला दिलीय. ताईच्या वर्गातल्या दोघींची परीक्षा नव्यानं होईल, बाईंच्या डोळ्यांसमोर. आणि मावशीची पत्रं यापुढे धरली जाणार नाहीत. शेवटी एक ओळ होती, खरं सांगितल्याबद्दल आभार.

"आभारांचं काय करू?" टायवाला म्हणाला. "फ्रेम करून लावू?"

त्या दोघी पुन्हा परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. मावशीच्या हाताखालच्या होत्या, होणारच होत्या. पण त्यांतली एक जाईपर्यंत मला बघून रस्ता ओलांडायची. मी तिला दोष देत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही मावशीला सांगितलं. ती बादलीत पाय सोडून बसली होती, दोन पाळ्यांनी सुजलेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. म्हणजे, ती शाबास म्हणेल असंही कुठेतरी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

"व्हिडिओ केलात तेव्हा मला विचारलं नाहीत," मावशी म्हणाली.

"नाही."

"आणि हे कळवलंत, तेव्हाही नाही."

ताईनं नुसती मान हलवली.

"येस मी म्हटलं होतं. मला कुणी धरून बोलायला लावलं नव्हतं. मागे घ्यायचं होतं तर मी घेतलं असतं. रोज सकाळी ठरवत होते, आज सांगते, आज सांगते." तिनं पाय बादलीतून काढले आणि टॉवेल मागितला. "तेवढं तरी माझं मला करू द्यायचं होतंत."

टॉवेल मी दिला. तिच्या पायांकडे बघत दिला, वर बघायची हिंमत झाली नाही. मी दोन्ही वेळा तिच्यासाठीच केलं असं मला वाटत होतं. दोन्ही वेळा तिच्याच हातातून ओढून घेतलं होतं.

याला चार महिने झाले. रविवारी आता आमच्याकडे शिकायला कुणी येत नाही. चष्मेवालीनं दोनदा म्हणून बघितलं, "पुरे झालं आता, तुझी तू सही कर, माझे गुडघे दुखतात." मावशी म्हणते, "बघू." चिठ्ठ्यांवर अजून चष्मेवालीचीच सही असते. मी रोज चौदा चिठ्ठ्या काढते, चौदा सह्या बघते आणि फायलीत लावते. कपाटातला फोटो कुणी काढला माहीत नाही, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिलेत.

ताईची परीक्षा झाली. तिनं आमच्याच हॉटेलात अर्ज केलाय. विभागाच्या जागी तिनं स्वतःच्या हातानं हाउसकीपिंग लिहिलं आणि तो कागद आधी मावशीला वाचायला दिला. मावशीनं तो दोनदा वाचला आणि परत दिला.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मावशी उठली, पलंगावरची चादर ओढून काढली आणि ताईच्या अंगावर फेकली. "ये."

ताईनं चादर उडवली. तिरकी उतरली. मावशीनं ओढून काढली. पुन्हा उडवली. या वेळी बरी उतरली. ताई कोपऱ्याशी गेली, उचलला, खोचला, वरचं पाडलं, आणि कोपरा सुटला. माझा डावा हात आपोआप पुढं गेला.

"डावरे," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली. "हात खिशात."

मी दोन्ही हात खिशात घातले. मावशीनं चादर ओढून काढली आणि ताईच्या हातात दिली.